आहुप्याचा हिरडा आणि अर्धं लिंबू

आहुप्याहून परत आले तेव्हा आमच्या आईनं दारातच विचारलं, "बिबट्या दिसला?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडला, की जणू मी जुन्नरला गेलेच नव्हते. पुढचा आठवडाभर दवाखान्यातली माणसं, शेजारीण, कोपऱ्यावरची भाजीवाली, सगळ्यांचा तोच प्रश्न. जुन्नर-आंबेगाव म्हटलं की कोल्हापूरकराला आता बिबट्याच आठवतो. शेवटी वैतागून मी सांगायला लागले, बिबट्या नाही दिसला, पण त्याच्यापेक्षा धीट एक बाई दिसली. हे ऐकलं की माणसं मान डोलवून निघून जायची. म्हणून काही महिन्यांनी का होईना, लिहायला बसलेय. ऐकत नाही ना, मग वाचा.

मी कातडीची डॉक्टर. वय पन्नाशी पार, आवाज गावभर, आणि घाट लागला की पोटात ढवळतं. या तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते.

गेले कशाला, तर एका फोनची परीक्षा घ्यायला. समीना नावाची माझी एक मैत्रीण आहे, माहेर जुन्नरचं, नोकरी पुण्यात, संगणकातली इंजिनिअर. माझ्यापेक्षा कमी बोलते. तशी जगात बरीच माणसं आहेत म्हणा. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी कुष्ठरोग लवकर ओळखणारं एक ॲप बनवलंय. कातडीवरच्या चट्ट्याचा फोटो काढायचा, की फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते, शंका आहे की नाही. नेटवर्क नसलं तरी चालतं. फोन गावातल्या आशाताईच्या हातात द्यायचा आणि माझ्यासारखीनं बघायचं, हा खरं बोलतोय की थापा मारतोय.

कुष्ठरोग या शब्दाला माणसं अजून घाबरतात, पण रोगाला घाबरत नाहीत. कारण सुरुवातीला तो काही त्रासच देत नाही. एक फिकट चट्टा उठतो. दुखत नाही, खाजत नाही. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कामधंदा सोडून दवाखान्यात कोण जाणार? मग हळूहळू आतली नस सुजते, बोटं बधिर होतात, वाकतात. आणि खरा वैताग पुढंच आहे. वेळेत औषध घेतलं तर हा रोग साफ बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होण्याची भीतीही जवळजवळ संपते. एवढं सोपं असून बोटं जातात, याचा मला आयुष्यभर राग येत आलाय. त्यामुळं समीनानं "येता का?" विचारलं, तेव्हा मी पिशवी भरायलाच घेतली.

वारूळवाडी, मग जुन्नर

नारायणगावाला लागूनच वारूळवाडी. तिथं गाडी थांबवून मी लिंबं घेतली. विकणाऱ्या बाईनं पिशवीत टाकायच्या आधी विचारलं, "पावणं, पिळायला का वास घ्यायला?"

"वास घ्यायला. घाट चढायचाय."

"मंग ही न्हाई, ही घ्या. हिच्या सालीत तेल लई."

आमच्या कोल्हापुरात असा प्रश्न कुणी विचारला नसता. तिकडं भाजीवाली गिऱ्हाइकाला सांगते, काय न्यायचं ते. इथं विचारतात, मग आपलंच खरं करतात. मला हे फार आवडलं.

जुन्नरला मुक्काम समीनाच्या माहेरी. सोमवारी मी मांसाहार करत नाही हे तिनं आधीच कळवलं होतं, तर तिच्या अम्मींनी मासवडी केली होती. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण, मिरचीचा मसाला भरून वळकटी करायची, तिचे काप करायचे, दिसायला हुबेहूब माशाचे तुकडे. त्यावर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावची. रश्श्याच्या बाबतीत आम्ही सहजासहजी कुणाचं नाव घेत नाही. पण पहिल्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं आणि मी गपगार झाले. अम्मी म्हणाल्या, "तिखट झालं का?" मी म्हटलं, "नाही, वाढा."

जेवण झाल्यावर समीनाचे अब्बा गप्पांना बसले. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनायचा. आता तो धंदा राहिला नाही, पण अब्बांच्या बोलण्यात अजून आहे. आम्ही आहुप्याला निघालोय म्हटल्यावर ते खुशीत आले.

"आता तिकडं हिरड्याचा हंगाम. आमचे आजोबा तिकडनंच हिरडा आणायचे, शाईसाठी. हिरडा नुसता असला तर पिवळट. पण लोखंडाच्या कढईत टाकला की काळाकुट्ट! शंभर वर्सं जाणार नाय असा काळा."

"आणि लिहिताना चुकलं तर?" मी विचारलं.

"लिंबू!" अब्बांनी टाळी वाजवली. "चुकीवर लिंबाचा रस. काळं पळालंच म्हणून समजा."

मी हसले आणि मनात म्हटलं, माझ्याकडं लिंबं आहेत, पण ती पोटासाठी. ज्ञान असं कानावरून जातं आणि वेळ आली की परत येतं.

आहुपे

दुसऱ्या दिवशी घोडेगाव मागं टाकून डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं वर निघालो. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला वाळलेले डोंगर, आणि मी नाकाला लिंबू लावून डोळे मिटून बसलेली. त्यामुळं निसर्गवर्णन समीनाला विचारा.

आहुपे मात्र डोळे उघडून पाहिलं. गाव संपतं तिथं जमीनच संपते. पुढं सरळ कोकणात उतरणारा कडा. वारा असा, की माझासुद्धा आवाज पुरेना. घरापुढच्या अंगणात, चटयांवर, जुन्या साड्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं हिरडा वाळत घातलेला. हवेला एक तुरट वास. इथली माणसं भात लावतात, नाचणी करतात, पण हातात खेळतं चलन येतं ते या हंगामात, म्हणून लहानथोर सगळे जंगलात.

आम्हाला उतरवून घ्यायला आली सुमन, इथली आशाताई. हे तिचं खरं नाव नाही. लिहू का, असं मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिवा की. गावाला समदं ठावंच हाय. भायेरच्यांना नाव कशाला पायजे?" तिशी ओलांडलेली, सडपातळ, चालणं इतकं भराभर की मागून जाताना मला दम लागला. कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाच्या म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी संपली, चालता चालता सगळं बोलत होती. आणि दर दुसऱ्या दारातून हाक, "सुमे, च्या घेऊन जा!"

चहा कोरा, गवती चहा घातलेला. आमच्याकडं पाहुण्याला बिनदुधाचा चहा दिला तर सोयरीक मोडेल. इथं म्हशी मोजक्या, दूध पोरांना. दुसऱ्या कपानंतर मला तो आवडायला लागला आणि तिसरा मी मागून घेतला.

दुपारी शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या. सुमननं फोन हातात घेतला, एकीचा हात धरला, फोटो काढला. फोनमधून गोड आवाज आला, "शंका आहे. कृपया जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा." ती बिचारी पांढरी पडली. दुसरीचा हात. "शंका आहे." तिसरीचा. "शंका आहे." शिक्षक कौतुकानं बघायला आले होते, त्यांच्या हातावरही शंका. मी मघाशी हौसेनं कोयत्यानं चार हिरडे चिरून पाहिले होते, माझ्या बोटांना काळं लागलं होतं. समीनानं माझ्या हाताचा फोटो काढला. फोननं मलाही आरोग्य केंद्रात पाठवलं.

तेव्हा उलगडा झाला. सगळ्यांचे हात हिरड्यानं माखलेले. कोयत्याचं लोखंड आणि हिरड्याचा रस, म्हणजे अब्बांची शाईच. फोनला काळे डाग ही माणसाची कातडी वाटत होती, आणि मधेमधे उरलेली स्वच्छ कातडी हा फिकट चट्टा! पुण्यात शिकवताना त्याला हिरड्याचा हात कुणी दाखवलाच नव्हता.

एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बरंच झालं बाय. समद्या गावाला झाला म्हंजी कुनी कुनाला नावं ठिवायला नको!"

ओटा हसून हसून लोळला. नाही हसली ती फक्त कडेला बसलेली ठकूबाई. सत्तरीची म्हातारी, गावातल्या निम्म्या पोरांची सुईण. एका हातानं हिरडा निवडत होती, दुसरा हात पदराआड. सुमन तिच्यापुढं फोन घेऊन गेली, तर म्हणाली, "म्हातारीचा कसला फोटू? मेल्यावर काढा, भितीला लावायला." पुन्हा हशा. सुमननं आग्रह केला नाही.

हिरड्याची शिकवणी

समीनानं चिडचिड केली नाही. ओट्यावर मांडी घालून लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "माहीत नाही त्याला, तर शिकवू." तिचा हा गुण मला लाख मोलाचा वाटतो. मी असते तर फोन कड्यावरून खाली टाकला असता.

शिकवणी सोपी होती. एकेक हात पुढं यायचा, फोटो निघायचा, आणि हा डाग कसला ते सुमन सांगायची. "हिरडा. हाबी हिरडा. ही भाजल्याची खूण. ही जलमखूण." समीना प्रत्येक फोटोला ते नाव द्यायची. इतक्यात मघाचीच विनोदी बाई ओरडली, "सुमे, आमचे हात दावतीस, तुझा दाव की!"

सुमन क्षणभर थांबली. मग डावा हात झटकन पुढं केला. कोपराखाली तळहाताएवढा काळा डाग. "हिरडाच," ती म्हणाली. समीनानं फोटो घेतला, नाव दिलं, हिरडा. पुढचा हात आला. माझ्या मनात काही आलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. हिरडा बोटांना लागतो, तळव्याला लागतो. कोपरापाशी कसा गेला, असं वाटलं. पण तेवढ्यात कुणी करवंदं आणून ओंजळीत ओतली आणि मी करवंदं खायला लागले.

संध्याकाळ व्हायच्या आत फोन शहाणा झाला. माखलेले हात दाखवले तरी आता गोड आवाजात म्हणायला लागला, "शंका दिसत नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. समीनाला मी मिठी मारली. पुण्यातलं यंत्र एका दुपारी आहुप्याची रीत शिकलं, याचा मला मनापासून आनंद झाला होता आणि अजूनही आहे.

सुमनच्या चुलीपाशी

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण सुमनकडं. तिचा नवरा जीप चालवतो, तो प्रवासी घेऊन घोडेगावला गेला होता. समीना कड्याच्या टोकाशी नेटवर्क शोधत होती. त्यामुळं चुलीपाशी आम्ही दोघीच.

नाचणीची भाकरी, खुरसणीची म्हणजे कारळ्याची चटणी, उडदाचं घुटं. सुमन भाकरी थापत होती, मी बोलत होते. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, मग तवा बाजूला सरकवून भाकरी निखाऱ्याशी उभी केली. तवा सरकवताना तिच्या डाव्या हाताची करंगळी तव्याच्या काठाला टेकली. टेकली आणि टेकलेलीच राहिली. मला वास आला.

"अगं, भाजलं!" मी ओरडले.

सुमननं आधी हाताकडं पाहिलं. मग हात मागं घेतला. मग म्हणाली, "आई गं."

भाजलेला माणूस आधी ओरडतो आणि मग बघतो. हिनं बघून मग ओरडल्याचं सोंग केलं होतं.

कोल्हापूरची असून बोलले नाही, यावरून ओळखा. करंगळीवर गार पाणी घातलं, भाकरी संपवली, आणि म्हटलं, "सुमन, मला देवराई दाखव."

देवराई

गावाजवळच देवराई आहे. देवाचं रान; इथली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. झाडं अशी की दोघींनी कवेत घेतली तरी हात मिळू नयेत. वर शेकरू उड्या मारत होतं, लांब तपकिरी शेपटीचं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत सावलीचा ओलावा. एका दगडावर सुमनला बसवलं आणि म्हटलं, "डोळे मीट. मी गवताची काडी लावीन. लागली की सांग."

उजव्या हाताला लावली. "हं." पुन्हा. "हं." डाव्या दंडाला. "हं." मग काळ्या डागावर. शेकरू ओरडलं, पानं हलली, सुमन गप्प. करंगळीला लावली. गप्प. कोपराच्या आतली नस चाचपली, तर दोरीसारखी जाड लागली.

सुमननं डोळे उघडले. "कळलं तुमास्नी."

"तुला कधी कळलं?"

"कवाच. मी आशा हाय, डॉक्टर. चट्टा कसा असतो ते म्या घरोघरी चित्र दावून सांगती. आंगोळ करताना दिसला तवाच वळकला." ती डागाकडं बघत होती. "हिरडा तव्यावर उगाळला नि लावला. रोज लावती."

"आणि औषध?"

"हंगाम झाला की पुण्याला जानार व्हते. गुपचूप."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. देवाच्या रानात ओरडू नये म्हणतात, मी ओरडले. "हंगाम होईपर्यंत बोटं वाट बघत बसणार आहेत का? आज करंगळी भाजली, उद्या कोयता लागेल आणि तुला कळणार नाही! तूच गावाला सांगतेस ना, बरा होतो म्हणून? दिव्याखाली अंधार तो हा!"

सुमन रडली नाही. माझं ओरडून होईपर्यंत थांबली.

"डॉक्टर, तुमी बरोबर बोलताय. पन तुमी उद्या जानार. मला हितंच ऱ्हायचंय. बाळाला डोस पाजाया मी गेले तर माझ्या हातानं कुनाची आई पाजून घील? बाळंतपणाला कोन हाक मारील? आत्ता दर घरातनं च्या येतो. मंग येनार न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायला बोटं वळावी लागतात," मी म्हटलं. पण माझा आवाज उतरला होता, कारण ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. मी तिच्या शेजारी दगडावर बसले. सांगितलं, की नस नुकतीच सुजलीय, आत्ता औषध सुरू केलं तर हात वाचेल. खाली सरकारी दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाते. गावात कुणाला कळायची गरज नाही. रोग्याचं गुपित राखणं हे माझं कामच आहे. "उद्या आमच्याच गाडीतून चल. काहीतरी कारण सांग."

तिनं मान हलवली. मला वाटलं, मिटलं. चालायला लागलो. देवराईच्या कडेला आल्यावर ती एकदम थांबली.

"काल मशीनला माझा हात दावला."

"हो."

"हिरडा म्हनून सांगितला. आता मशीन काळ्या डागाला काईच बोलनार न्हाई. हिरडा लावून लपवायची युक्ती मलाच येकटीला सुचली आसंल का?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "मशीन भोळं हाय, राव. त्याला जे सांगू ते खरं मानतंय. त्याला खोटं म्याच शिकवलं."

मी म्हटलं, ते समीना निस्तरेल, तू हाताचं बघ. घरी जाताना मात्र तिचं चालणं पहिल्यांदाच हळू झालं होतं.

पुन्हा शाळेचा ओटा

सकाळी आम्ही निघणार होतो. त्याआधी, परवा जंगलात गेलेल्या बायकांचे फोटो राहिले होते, म्हणून ओटा पुन्हा भरला. जुन्यांपैकीही बऱ्याच जणी आल्या होत्या, पाहुण्यांना निरोप द्यायला. ठकूबाई परवाच्याच जागी, एक हात पदराआड.

सुमन आली, आणि फोन समीनाच्या हातात देऊन म्हणाली, "आज पयला माझा काढा."

मी उठून उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. बसा, असं.

समीनानं काळ्या डागाचा फोटो घेतला. फोन म्हणाला, "शंका दिसत नाही."

"झालं की मंग!" कुणीतरी म्हणालं.

"न्हाई झालं," सुमन म्हणाली. "डॉक्टर, तुमच्या पिशवीतलं लिंबू द्या."

अब्बांची गोष्ट आदल्या संध्याकाळी समीनानंच तिला सांगितली होती, आपल्या घराण्याचं कौतुक म्हणून. समीनाला बाकी काही माहीत नव्हतं. मी लिंबू कापून अर्धं तिच्या हातात दिलं. ती डागावर चोळायला लागली. रस करंगळीवरच्या फोडावरून ओघळला. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सुमनला पत्ता नव्हता. काळं आधी तपकिरी झालं, मग पिवळट, मग पदराच्या टोकानं पुसल्यावर निघून गेलं. खाली फिकट, गुळगुळीत, बिनकेसाचा चट्टा.

"आता काढा."

"शंका आहे," फोन गोड आवाजात म्हणाला. "कृपया जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा."

समीनाचा हात तोंडावर गेला होता.

"मला रोग झालाय," सुमन म्हणाली. आवाज सरळ होता, घरोघरी चित्र दाखवताना असेल तसाच. "परवा तुमास्नी खोटं सांगितलं नि मशीनलाबी. आज डॉक्टरांसंगं खाली जाती, गोळ्या आनती. बरी हुनार. हेच तुमास्नी इतकी वर्सं सांगत आली. आता ज्यांस्नी माझ्या हातचं चालत नसंल त्यांनी सांगा. मी वाईट मानून घेनार न्हाई."

विनोदी बाईच्या मांडीवर तिचा नातू होता. तिनं त्याला नकळत जवळ ओढलं. नकळतच, पण सुमनला ते दिसलं, मलाही दिसलं. माझ्या तोंडात भाषण तयार होतं, रोगाची सगळी शास्त्रीय माहिती, मोठ्या आवाजात. मी सुरुवात करणार, तेवढ्यात कडेनं ठकूबाईचा खरखरीत आवाज आला.

"सुमे."

"काय, मावशे?"

"ते अर्धं लिंबू टाकू नगं. हिकडं दे."

आणि म्हातारीनं पदराआडचा हात बाहेर काढला. कोपरापासून मनगटापर्यंत काळाभोर, आणि शेवटची दोन बोटं आत वळलेली. या हातानं तिनं कोण जाणे किती पोरं जगात आणली होती. सुमन तिच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि लिंबू चोळायला लागली. ठकूबाई तिच्या डोक्याकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, मीच येकटी."

मी आयुष्यात क्वचित रडते. तिथं रडले, आणि मोठ्यानं रडले; माझं सगळं मोठ्यानंच असतं.

त्यानंतरचं पटापट झालं. नातवाला जवळ ओढणारी बाई उठली, पोराला सुमनच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पिशवीतून लिंबू घेतलं. "माझा धुऊन काढ. उगं शंका नको." मग दुसरी, मग तिसरी. त्यांच्या हातांवर हिरड्याखाली काही निघालं नाही, पण प्रत्येकीनं धुऊनच फोटो काढला. समीनानं लॅपटॉप उघडून सुमनच्या परवाच्या फोटोवरचं 'हिरडा' हे नाव काढलं आणि खरं नाव घातलं. आता ते ॲप काळा डाग दिसला की पहिल्यांदा सांगतं, "आधी लिंबानं पुसा." पुण्यातल्या तिच्या सहकाऱ्यांना हे फार विचित्र वाटतं म्हणे. वाटू दे.

ठकूबाईची वळलेली बोटं गोळ्यांनी सरळ होणार नाहीत, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. रोग तिथंच थांबेल, पुढं जाणार नाही. ती म्हणाली, "पुरं झालं." सुमनच्या हातात ताकद परत येते आहे, परवा फोनवर सांगत होती, करंगळीला आता पाणी गरम लागतं. हे ती अशा आनंदानं सांगत होती, की जणू कुणी दागिना घातला.

त्या दिवशी समीना आमची गाडी घेऊन मागून आली; आम्हा तिघींना सुमनच्या नवऱ्यानंच जीपमधून खाली आणलं. सुमननं त्याला काय सांगितलं, मला माहीत नाही. जीपमध्ये तो तिच्यासाठी पाण्याची बाटली भरून घेऊन आला होता. ठकूबाई खिडकीशी, मी मधे. पहिल्या वळणालाच माझ्या पोटात ढवळायला लागलं. पिशवी चाचपली, पालथी केली. एकही लिंबू उरलं नव्हतं.